ओझे कुठे ठेवायचे?

आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही राजगडावर गेलो होतो. गुंजवण्याहून चोरदरवाज्याच्या वाटेने चढत होतो. शेवटच्या टप्प्यात ही वाट खडकातून जाते. पायांबरोबर हातांचाही आधार घ्यावा लागतो. तिथे एक मुलगी अडली. पाऊल वर टाकले की ती मागे ओढली जायची. तिची सॅक फार जड होती असे नाही. तिच्याहून जड सॅक घेतलेली मुले पुढे निघून गेली होती. मग अडचण कशाची होती? सॅकच्या बाहेर, अगदी मागच्या बाजूला, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि शिध्याची पिशवी दोरीने बांधलेली होती. आत, पाठीला लागून, कपडे आणि पांघरूण होते. आम्ही सॅक तिथेच उतरवून रिकामी केली आणि उलटी भरली. बाटल्या व शिधा आत पाठीशी, कपडे बाहेरच्या बाजूला. वजन एका ग्रॅमनेही कमी झाले नाही, पण मुलगी चढून गेली.

पद्मावती माचीवर टेकल्यावर तिने विचारले, "सर, वजन तेवढंच होतं ना? मग हलकं कसं लागलं?"

प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे आणि ते आपण पुढे पाहणारच आहोत. पण ते शोधताना आमच्या लक्षात आले, की माणसाला हे उत्तर सहजासहजी सापडलेले नाही. ओझे शरीरावर नेमके कुठे ठेवायचे हे शिकायला त्याला हजारो वर्षे लागली. आणि ओझ्यातून काय काढून टाकायचे हे तर तो अजून शिकतोच आहे. पाठीवरच्या पिशवीचा इतिहास म्हणजे या दोन प्रश्नांचा इतिहास.

बर्फातला वाटसरू

१९ सप्टेंबर १९९१ रोजी आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेजवळ, सुमारे ३२१० मीटर उंचीवर गिर्यारोहकांना बर्फात अर्धवट उघडे पडलेले एक प्रेत दिसले. एखादा अलीकडचा अपघात असावा असे आधी वाटले. तपासाअंती कळले, की हा माणूस सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा आहे. ज्या ओट्झ खोऱ्याजवळ तो सापडला त्यावरून त्याचे नाव 'ओट्झी' पडले. तो एकटाच सापडला असता तरी मोलाचा होता. पण त्याच्याजवळ त्याचे सगळे प्रवासी सामानही होते. ताम्रयुगातला एक माणूस डोंगर ओलांडायला निघताना काय घेऊन निघत होता, हे आपल्याला जसेच्या तसे पाहायला मिळाले.

त्या सामानात हेझल झाडाची इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवलेली एक लांब काठी आणि लार्च लाकडाच्या दोन अरुंद फळ्या होत्या. बहुतेक अभ्यासक हा पाठीवर ओझे वाहण्याचा सांगाडा मानतात. काहींच्या मते मात्र तो बर्फावर चालण्याच्या जोड्याचा भाग असावा. सांगाडा असेल, तर पाठीवरच्या चौकटीचा हा फार जुना पुरावा म्हणायला हवा.

याहून बोलके आहे ते बाकीचे सामान. तांब्याची कुऱ्हाड, गारगोटीचा सुरा, अर्धवट घडवलेले धनुष्य, चौदा बाण (त्यातले दोनच पूर्ण झालेले), भूर्जाच्या सालीचे दोन डबे. एका डब्यात मॅपलची पाने आणि कोळशाचे कण होते. म्हणजे तो पानांत गुंडाळून निखारे नेत असावा. कमरेच्या पिशवीत तासणी, टोच्या, हाडाची आरी आणि आग पेटवायला उपयोगी पडणारी अळंबी. नीट पाहिले तर यात तयार वस्तू थोड्या आणि वस्तू बनवायची किंवा दुरुस्त करायची साधने जास्त आहेत. ओट्झी ओझ्याऐवजी कौशल्य घेऊन निघाला होता. तो मेला तो सामान अपुरे पडले म्हणून नव्हे. त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचे टोक रुतलेले आहे, हे २००१ साली क्ष-किरण तपासणीत दिसले.

सैनिकाच्या पाठीवर

मोठ्या संख्येने माणसे ओझी घेऊन लांब चालू लागली ती सैन्यांत. रोमन सेनापती मारियस याने इ.स.पू. पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या संधिकाळात सैन्यामागची सामानाची लटांबळे कमी करून बरेचसे सामान सैनिकांच्याच अंगावर दिले. तेव्हापासून त्या सैनिकांना 'मारियसची खेचरे' म्हणू लागले. रोममधल्या ट्राजनच्या स्तंभावर (इ.स. ११३) असे सैनिक कोरलेले आहेत. खांद्यावर एक काठी आणि तिच्या टोकाला बांधलेले गाठोडे. नव्या सैनिकांना साठ रोमन पौंड, म्हणजे सुमारे २० किलो ओझे घेऊन चालण्याचा सराव द्यावा, असे वेजेशियस या लेखकाने लिहून ठेवले आहे.

काठीला गाठोडे ही सोय चांगली की वाईट? शत्रू दिसताच ती खाली टाकता येते, हा तिचा फायदा. पण चालताना ओझे शरीरापासून दूर राहते, झुलते आणि एकाच खांद्यावर येते. पुढे सतराशे-अठराशे वर्षांत गाठोड्याची पाठपिशवी झाली, पण ती किती भरावी हे सेनापतीच्या मर्जीवर राहिले. माणूस खरोखर किती वाहू शकतो, हे मोजण्याचा पद्धतशीर प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत झाला. झुंट्झ आणि शुंबुर्ग या संशोधकांनी तरुणांना निरनिराळ्या वजनाची ओझी देऊन लांब पल्ले चालवले, त्यांचा श्वास, नाडी, तापमान मोजले आणि १९०१ मध्ये 'चालण्याचे शरीरशास्त्र' या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. थंड हवेत सुमारे २२ किलोपर्यंतचे ओझे सराव असलेल्या तरुणाला झेपते. ३० किलोच्या आसपास गेले की हवा थंड असूनही शरीर थकव्याची चिन्हे दाखवू लागते, असा त्यांच्या निरीक्षणांचा सारांश आहे. 'किती' या प्रश्नाला आता आकडे मिळाले. 'कुठे' हा प्रश्न अजून बाकी होता.

पडशी, कावड आणि चुंबळ

या प्रश्नाकडे वळण्याआधी आपल्या भाषेकडे पाहू. ओझे वाहण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत! डोक्यावर पाटी किंवा हारा घ्यायचा तर खाली चुंबळ हवी. खांद्यावर बांबू आडवा टाकून दोन टोकांना भार लटकवला की कावड झाली. खांद्यावर एक पिशवी पुढे आणि एक मागे येईल अशी दुहेरी झोळी म्हणजे पडशी. याशिवाय गाठोडे, बोचके, वळकटी, शबनम आहेतच. माथ्यावर ओझे वाहणारे ते माथाडी. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. यातला प्रत्येक शब्द म्हणजे 'ओझे कुठे ठेवायचे' या प्रश्नाचे कुणीतरी शोधलेले एक उत्तर आहे.

यांतले उत्तम उत्तर कोणते, हे तपासणारा एक महत्त्वाचा प्रयोग भारतीय संशोधकांनीच केला. दत्ता आणि रामनाथन यांचा हा निबंध १९७१ मध्ये 'अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात आला. त्यांनी ३० किलोचे तेच ओझे सपाट जागेवरून सात पद्धतींनी वाहायला लावले आणि प्रत्येक वेळी शरीराने किती प्राणवायू वापरला ते मोजले. प्राणवायू जितका जास्त, तितकी ऊर्जा जास्त खर्ची पडली. सर्वांत कमी खर्च आला तो अर्धे ओझे पोटावर आणि अर्धे पाठीवर अशा दुहेरी पिशवीला. तिच्या अगदी जवळ होती डोक्यावरची पाटी. मग पाठीवरची सॅक, त्यानंतर कपाळावरच्या पट्ट्याने पेललेले ओझे, मग पाठीवर हातांनी धरलेले पोते. कावड शेवटून दुसरी आली. सर्वांत महाग पडले ते दोन हातांत पिशव्या धरून चालणे. दुहेरी पिशवीच्या तुलनेत त्याला ४० टक्क्यांहून अधिक ऊर्जा लागली.

आमच्या आजोबांची पडशी त्या प्रयोगात नव्हती, पण तत्त्व तेच आहे. ओझ्याचा गुरुत्वमध्य शरीराच्या मध्यरेषेवर आला की शरीराला तोल सावरायला वेगळे काम करावे लागत नाही. डोक्यावरच्या पाटीचेही रहस्य हेच. मग गिर्यारोहक दुहेरी पिशवी का वापरत नाहीत? कारण पोटावरच्या पिशवीमुळे पाऊल कुठे पडते ते दिसत नाही, छातीला श्वास घेताना अडथळा होतो आणि उकडते. सपाट रस्त्यावरचे उत्तर डोंगरावर चालत नाही. कावडीचेही असेच आहे. लवचीक बांबू वर-खाली होतो म्हणून ऊर्जा वाचत असेल, असे वाटते. रॉजर क्रॅम यांनी १९९१ मध्ये लवचीक काठ्यांवर ओझे घेऊन धावण्याचा प्रयोग केला, तेव्हा ऊर्जा वाचली नाही. मात्र खांद्याला बसणारे जास्तीत जास्त दडपण कमी झाले. म्हणजे कावड शक्ती वाचवत नसली तरी खांद्याचे हाल कमी करते. एकाच मोजमापाने सगळे ठरवू नये, हा धडा यातून मिळतो.

डोक्यावरच्या ओझ्याची गोष्टही अशीच आहे. आफ्रिकेतल्या किकुयू आणि लुओ स्त्रिया स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे जादा ऊर्जा न खर्चता वाहतात, असे १९८६ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. आपण चालताना शरीर उलट्या लंबकासारखे वर-खाली होते आणि बरीचशी ऊर्जा एका पावलातून पुढच्या पावलात वापरली जाते. या स्त्रियांच्या चालीत ओझ्यामुळे ही देवाणघेवाण आणखी सुधारते, असे १९९५ मध्ये दाखवले गेले. परंतु २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा स्त्रियांचा अभ्यास झाला, तेव्हा असा सरसकट फायदा दिसला नाही. तेव्हा "बायकांना सवयच असते, त्यांना काही वाटत नाही" असे म्हणण्याची घाई कोणीच करू नये.

हिमालयात शेर्पा आणि इतर हमाल बांबूची टोपली ('डोको') कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने ('नामलो') पेलतात. २००५ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नामचे बाजाराकडे चाललेल्या हमालांची व ओझ्यांची वजने घेतली गेली. पुरुषांचे ओझे सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के होते, तर स्त्रियांचे ६६ टक्के. याच गटाने २०१६ मध्ये त्यांच्या चालीचे विश्लेषण केले, तेव्हा ऊर्जा वाचवणारी कोणतीही गुप्त युक्ती सापडली नाही. ते फार सावकाश चालतात आणि वारंवार थांबतात, एवढेच. १९५३ मध्ये हिलरी आणि तेनझिंग एव्हरेस्टवर पोचले, त्या मोहिमेचे सामान पायथ्याकडे नेणारे हमाल साडेतीनशेहून अधिक होते. अखेरच्या तळाकडे जाताना हिलरींनी स्वतः साठ पौंडांहून जास्त ओझे उचलले, हे आपण कौतुकाने सांगतो. त्याआधी ते ओझे कोणाकोणाच्या कपाळावरून वर आले, तेही मुलांना सांगायला हवे.

कमरेचा शोध

आज आपण जिला सॅक म्हणतो तिचा जन्म नॉर्वे आणि अमेरिकेत झाला. १९०८ मध्ये ओले बर्गान हा नॉर्वेजियन शिकारीला गेला असता पाठीवरची मऊ पिशवी त्याला त्रास देत होती. त्याने ज्युनिपरची एक फांदी पाठीच्या आकारात वाकवून पिशवीला बांधली, असे सांगतात. पुढच्या वर्षी त्याने चौकटीच्या पिशवीचे पेटंट घेतले. ब्रिटिश सैनिक आजही सॅकला 'बर्गन' म्हणतात. १९२०च्या सुमारास लॉइड नेल्सन या अमेरिकनाने अलास्कात तिथल्या मूळ रहिवाशांची सॅक वापरून पाहिली. विलोच्या काड्यांवर सीलचे कातडे ताणून ती बनवलेली होती. तिच्यात सुधारणा करून त्याने लाकडी चौकटीची सॅक बाजारात आणली. कल्पना अनामिकांची, पेटंट एकाचे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे वारंवार घडते.

चौकटीमुळे ओझे पाठीत रुतायचे थांबले, पण भार खांद्यांवरच राहिला. खांद्याच्या पट्ट्याखालून हाताकडे जाणारे मज्जातंतू जातात. तिथे फार वेळ दाब पडला की हात बधिर होतो, क्वचित काही काळ लुळाही पडतो. शिवाय खांद्यावरचा भार संपूर्ण कण्यातून खाली जातो. यावरचा उपाय १९५०च्या सुमारास सापडला. कॅलिफोर्नियातले डिक केल्टी मित्राबरोबर डोंगरात फिरत असताना त्या मित्राने चौकटीच्या खालच्या दांड्या पँटच्या मागच्या खिशांत अडकवल्या आणि खांदे एकदम हलके झाले, अशी गोष्ट सांगितली जाते. १९५२ मध्ये केल्टींनी ग्लेनडेल येथील घरी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी बनवायला सुरुवात केली. शिवणकाम त्यांच्या पत्नी नीना करत. पहिल्या वर्षी २९ सॅक विकल्या गेल्या. त्यांना कमरपट्टा होता. भार आता कटीच्या हाडावर टेकून थेट पायांत जाऊ लागला. १९६७ मध्ये ग्रेग लोव यांनी चौकट पिशवीच्या आतच बसवली, त्यामुळे सॅक पाठीला आणखी बिलगली.

कमरपट्टा सगळा भार उचलतो, असे दुकानदार सांगतात. अमेरिकी लष्करासाठी २००४ मध्ये झालेल्या मोजमापात, त्यांनी तपासलेल्या सॅकमध्ये उभ्या भारापैकी सुमारे ३० टक्के भार कमरेकडे गेल्याचे आढळले. उरलेला खांदे आणि पाठीच्या वरच्या भागावरच होता. ३० टक्के हेही थोडे नाही. पण पट्टा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर नीट आवळला तरच तो मिळतो. पोटावर सैल लोंबणारा पट्टा केवळ शोभेचा.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर

आता राजगडावरच्या प्रश्नाकडे येऊ. वर्गात आधी एक खेळ करावा. मुलाला टाचा, पाठ आणि कंबर भिंतीला टेकवून उभे करा आणि गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरायला सांगा. तो पुढे कलंडतो. एरवी वाकताना आपली कंबर मागे जाते आणि गुरुत्वमध्य पावलांवर राहतो. भिंत ते होऊ देत नाही. उभे राहायचे तर गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पावलांच्या आतच पडायला हवी.

आता हिशेब करू. मुलीचे वजन ५० किलो, सॅक १० किलो. सॅकचा गुरुत्वमध्य मुलीच्या गुरुत्वमध्याच्या १५ सें.मी. मागे असेल, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य (१० × १५) ÷ ६० = २.५ सें.मी. मागे सरकतो. बाटल्या बाहेर बांधल्याने तेच अंतर ३० सें.मी. झाले, तर तो ५ सें.मी. मागे सरकतो. एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १ मीटरवर धरला, तर पहिल्या स्थितीत तिला सुमारे दीड अंश पुढे झुकावे लागेल, दुसरीत सुमारे तीन अंश. तीन अंश म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण उभ्या खडकावर पुढे झुकायला जागाच नसते, भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलासारखी. शिवाय दूरचे वजन शरीर वळताना मागून झोका देते, तो थांबवायला स्नायूंना काम पडते.

यातून सॅक भरण्याचे नियम आपोआप निघतात. जड वस्तू (पाणी, शिधा, भांडी) पाठीला लागून, साधारण खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर. हलक्या आणि फुगीर वस्तू (पांघरूण, कपडे) तळाशी व बाहेरच्या बाजूला. रस्ता सोपा असेल तर वजन थोडे वर चालते. कारण मग कमी झुकावे लागते. वाट खडकाळ, घसरडी असेल तर ते जरा खाली घ्यावे, म्हणजे झोका कमी बसतो. दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे. बाहेर काही लोंबू नये. वाटेत लागणाऱ्या वस्तू वरच्या कप्प्यात. आणि सह्याद्रीतल्या पावसाळ्यासाठी, सॅकच्या आत एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून मगच सामान भरावे. वरचे आवरण भर पावसात पुरत नाही.

सॅक निवडताना लिटर आणि कप्पे मोजण्याआधी पाठ मोजावी. मान खाली वाकवली की मानेच्या पायथ्याशी जे हाड वर येते तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीची लांबी. एकाच उंचीच्या दोघांची ती वेगळी असू शकते. सॅक या लांबीला जुळली नाही, तर कमरपट्टा कमरेवर येतच नाही. आणि दुकानात सॅक रिकामी घालून पाहू नये. आठ-दहा किलो वजन घालून दुकानातच थोडे चालावे.

काय काढायचे?

इथवर 'कुठे' झाले. आता 'काय'. १९५५ मध्ये एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या अमेरिकन बाईने अ‍ॅपलाचियन पर्वतरांगेतली तीन हजार किलोमीटरहून लांब पायवाट एकटीने पुरी केली. अकरा मुलांची ही आई. तिच्याकडे ना चौकटीची सॅक होती ना तंबू. स्वतः शिवलेली एक पिशवी ती एका खांद्यावर टाकी. तीत एक पांघरूण, पावसासाठी स्नानगृहातला प्लॅस्टिकचा पडदा आणि थोडे खाणे. वजन बहुधा नऊ किलोच्या आतच. पुढे १९९२ मध्ये रे जार्डिन यांनी कमीत कमी ओझ्याने लांब चालण्याचे शास्त्र पुस्तकातून मांडले आणि हलक्या सॅकची चळवळच सुरू झाली.

पण हलके म्हणजे निष्काळजी नव्हे. सिअ‍ॅटलच्या 'द माउंटनियर्स' संस्थेने १९३०च्या दशकापासून नवशिक्यांना शिकवताना दहा वस्तूंची यादी तयार केली: नकाशा, होकायंत्र, गॉगल, जादा अन्न, जादा कपडे, विजेरी, प्रथमोपचार, आग पेटवायचे साहित्य, काड्यापेटी, सुरी. ही यादी ओट्झीच्या सामानाशेजारी ठेवून पाहा. आग, पाते, औषध, ऊब. पाच हजार वर्षांत गाभा फारसा बदललेला नाही. बदलला आहे तो त्याभोवतीचा पसारा.

त्या रात्री पद्मावती देवीच्या देवळाच्या आवारात आम्ही मुलांना सॅक ओतायला सांगितल्या. प्रत्येकाने तीन ढीग करायचे: वापरलेल्या वस्तू, न वापरलेल्या पण अडचणीत लागल्या असत्या अशा, आणि उरलेल्या. तिसऱ्या ढिगात तीन-तीन टॉवेल, काचेच्या बरणीतले लोणचे, एक इस्त्री केलेला शर्ट आणि गणिताचे गाईड निघाले. गाईड ज्याच्या सॅकमधून निघाले तो म्हणाला, "आईनं घातलं. सोमवारी चाचणी आहे." सगळे हसले. आम्हीही हसलो. पण नंतर वाटले, की हसण्यासारखे यात काही नव्हते. भीतीही सॅकमध्ये भरली जाते आणि तिलाही वजन असते.

रोजची सॅक

आपली मुले वर्षातून एकदा गडावर जातात. दप्तर रोज वाहतात. दप्तराचे शास्त्रही नवे नाही. मल्होत्रा आणि सेनगुप्ता या भारतीय संशोधकांनी १९६५ मध्येच शाळकरी मुलांना दप्तर चार पद्धतींनी वाहायला लावून ऊर्जेचा खर्च मोजला होता. पाठीवरची पद्धत सर्वांत स्वस्त ठरली, हातात धरण्याची सर्वांत महाग. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या साधारण १० टक्क्यांच्या आसपास असावे ही कल्पना त्या काळापासूनची आहे. १९८९ मध्ये लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेतल्या भाषणात दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मांडला. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने १९९३ मध्ये अहवाल दिला. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये दप्तराचे वजन कमी करण्यासाठी शासन निर्णय काढला. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही १० टक्क्यांचीच मर्यादा आहे. पहिली-दुसरीसाठी ती १.६ ते २.२ किलो एवढी होते.

साठ वर्षे आकडा माहीत आहे, मग ओझे का उतरत नाही? एक अलीकडचे उदाहरण पाहा. २०२३-२४ पासून महाराष्ट्रात दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच कोरी पाने घालण्यात आली, म्हणजे वेगळ्या वह्या लागू नयेत. जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला. पाने असूनही मुले वह्या आणतच होती. हेतू चांगला होता, पण एक गोष्ट वाढवली आणि दुसरी काढली गेलीच नाही. पाठीवर रुंद पट्ट्याचे महागडे दप्तर घेऊन देणे हाही 'कुठे'चा उपाय आहे. त्याचा उपयोग होतो, नाही असे नाही. पण ३० किलोच्या मुलाच्या पाठीवर ६ किलो म्हणजे ६० किलोच्या शिक्षकाच्या पाठीवर १२ किलो. अशा वेळी पट्टा बदलून भागत नाही.

काय काढायचे हे मूल ठरवू शकत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते. यासाठी एक सोपा उपक्रम सुचवतो. एक ताणकाटा आणा. आठवडाभर रोज शेवटच्या तासाला पाच मुलांची दप्तरे तोला, मुलाचेही वजन नोंदवा आणि राजगडासारखेच तीन ढीग करा. टक्केवारी आणि आलेख मुलांनाच काढू द्या; गणिताचा तासही होईल. तिसऱ्या ढिगातली प्रत्येक वस्तू कोणामुळे आली हेही लिहा: घरामुळे, मुलामुळे, की आपल्या एखाद्या सूचनेमुळे? हा शेवटचा रकाना भरताना आपल्याला थोडे अवघड जाईल. तरी तो भरावा.

यशपाल समितीने म्हटले होते, की दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या गोष्टींचे ओझे अधिक घातक असते. ते ताणकाट्यावर येत नाही. पण न समजल्याची भीती गाईड होऊन सॅकमध्ये शिरते, तेव्हा तेही तोलता येते. त्या गाईडचे वजन आम्ही परतल्यावर केले होते. ते भरले साडेचारशे ग्रॅम.